शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा : आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी अल्पकालीन समूहोपचार

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी सहा वाजून चोवीस मिनिटांनी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील उपनगरी गाडीत पहिला बाँबस्फोट झाला. पुढील अकरा मिनिटांत आणखी सहा स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड या स्थानकांच्या परिसरांत हे स्फोट झाले. त्यांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले आणि आठशेच्या वर जखमी झाले. विलेपार्ले येथील कूपर रुग्णालय, बोरिवलीचे भगवती रुग्णालय आणि मार्गावरील इतर लहानमोठी रुग्णालये काही तासांत जखमींनी भरून गेली.

त्या रात्रीचा इतिहास लिहिला गेला. मृतांची यादी झाली, जखमींना साहाय्य देण्यात आले, नागरिकांनी दाखविलेल्या माणुसकीचे सर्वत्र कौतुक झाले. परंतु त्या रात्री अपघात विभागाच्या दारात उभे राहून आलेल्या प्रत्येक स्ट्रेचरला हात लावणारे वॉर्डबॉय, जखमांवर टाके घालणारे निवासी डॉक्टर, नातेवाइकांना शवागाराची वाट दाखविणाऱ्या आयाबाई आणि पहाटे फरशी धुणारे सफाई कामगार यांची नोंद बहुधा हजेरीपटापुरतीच राहिली. पाळी संपताच ही माणसे घरी गेली आणि पुढच्या पाळीला पुन्हा कामावर हजर झाली. त्यांनी जे पाहिले ते त्यांच्याबरोबर घरी गेले काय, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला जात नसे. हा प्रश्न विचारावा कसा आणि उत्तर ‘होय’ असे आल्यास पुढे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपनगरांतील रुग्णालयांचा भार

मुंबई उपनगर जिल्ह्यातील रुग्णालयांना आपत्ती नवी नाही. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात उपनगरी गाडीच्या डब्यात स्फोट झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरे पाण्याखाली गेली. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगर येथे वादळी वाऱ्यात प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा बळी गेला, तेव्हा जखमींची धाव राजावाडी रुग्णालयाकडेच होती.

या साऱ्या घटना एका दिवसाच्या किंवा एका रात्रीच्या होत्या. २०२० मध्ये आलेली कोविडची साथ मात्र दोन वर्षे रेंगाळली. अंधेरीच्या मरोळ भागातील सेव्हन हिल्स रुग्णालय महानगरपालिकेने कोविड रुग्णांसाठी वाहून घेतले. गोरेगावचे नेस्को प्रदर्शन केंद्र, दहिसर आणि मुलुंड येथे तात्पुरती विशाल उपचार केंद्रे उभी राहिली. तेथे काम करणाऱ्यांना संरक्षक पोशाखात तासन् तास पाणी पिता येत नसे. रुग्णाला धीर देणारा चेहरा मुखपट्टीआड झाकलेला असे. नातेवाइकांना आत प्रवेश नसल्यामुळे अखेरच्या क्षणी रुग्णाचा हात धरणारी व्यक्ती परिचारिका किंवा कक्षसेविकाच असे, आणि मृत्यूची वार्ता दूरध्वनीवरून कळविण्याचे कामही रुग्णालयातीलच कोणाला तरी करावे लागे.

या काळात आणखी एक गोष्ट घडली. २३ मार्च २०२० पासून उपनगरी रेल्वेगाड्या बंद झाल्या आणि अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी त्या १५ जून रोजी पुन्हा सुरू झाल्या. विरार, कल्याण, बदलापूर येथून कामावर येणाऱ्या स्त्रियांना लोकलचा डबा म्हणजे केवळ वाहन नसते. भाजी निवडता निवडता, पाळीत घडलेले सांगत, कधी रडत, कधी हसत घरी पोहोचण्याची ती जागा असते. अनेकींच्या मनावरचे ओझे घर येण्यापूर्वी त्या डब्यातच थोडे हलके होत असते. ऐन गरजेच्या वेळी ही जागा नाहीशी झाली. समूहोपचार म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी या डब्याची आठवण उपयोगी पडेल.

थकवा आणि आघात यांतील भेद

कामाचा थकवा विश्रांतीने जातो. आघातजन्य ताण मात्र विश्रांतीच्या वेळीच डोके वर काढतो. मृत्यू, गंभीर इजा किंवा अत्याचार यांचा प्रत्यक्ष अनुभव घेतल्याने अथवा कामाच्या निमित्ताने त्यांचा वारंवार सामना करावा लागल्याने मनावर होणारा परिणाम म्हणजे आघातजन्य ताण होय. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानसंहितेत ‘आघातोत्तर ताणविकृती’ या नावाने त्याचा प्रथम समावेश केला. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे अनुभव होते. आरोग्य कर्मचाऱ्यांनाही तो होऊ शकतो, ही जाणीव पुढे वाढत गेली.

त्याची लक्षणे चार प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे घटना मनात पुन्हा पुन्हा उमटणे. ही साधी आठवण नसते. वास, आवाज आणि शरीराची थरथर यांसह तो प्रसंग आत्ता घडत असल्यासारखा समोर उभा राहतो. दुसरा प्रकार टाळण्याचा : त्या कक्षाकडे न जाणे, त्या विषयावर न बोलणे, बदली मागणे. तिसरा प्रकार मनाच्या सुराचा : सर्वत्र आपलीच चूक दिसणे, आनंद न वाटणे, जवळची माणसे परकी वाटणे. चौथा प्रकार सतत सावध राहण्याचा : झोप न लागणे, दचकणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे. ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यामुळे काम व संसार यांत अडथळा येऊ लागला, तर ती विकृती समजली जाते. बहुसंख्य माणसे काही आठवड्यांत आपोआप सावरतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. प्रत्येक अश्रू म्हणजे आजार नव्हे.

आरोग्य कर्मचाऱ्याच्या बाबतीत यात अपराधीपणाची भर पडते. खाटा कमी आणि रुग्ण अधिक, अशा वेळी कोणाला आत घ्यावे व कोणाला थांबवावे हे ठरवावे लागते. जे करावयास हवे होते ते परिस्थितीमुळे करता आले नाही, याची बोच भीतीहून खोल असते. तज्ज्ञ तिला नैतिक जखम म्हणतात. ‘तुमचा काही दोष नाही’ असे वरिष्ठांनी सांगितल्याने ती भरून येत नाही. तीच पाळी केलेल्या सहकाऱ्याने ‘मलाही तसेच वाटते’ असे म्हटले, तर मात्र तिची धार बोथट होते. समूहाचे खरे सामर्थ्य येथे आहे.

समूहोपचाराची पूर्वपीठिका

एकाच वेळी अनेकांवर उपचार करण्याची पद्धत टंचाईतून जन्मास आली. १९०५ साली बोस्टन येथील डॉ. जोसेफ प्रॅट यांनी आरोग्यधामात जाणे न परवडणाऱ्या गरीब क्षयरोग्यांचे वर्ग घेण्यास प्रारंभ केला. रोगाविषयी माहिती द्यावी हा त्यांचा मूळ हेतू होता. परंतु रुग्ण एकमेकांना जो धीर देत, त्याचा मोठा लाभ होतो असे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील नॉर्थफील्ड येथील लष्करी रुग्णालयात मनाने खचलेले सैनिक पुष्कळ आणि मनोविकारतज्ज्ञ थोडे होते. तेथे विल्फ्रेड बायन आणि एस. एच. फूक्स यांनी सैनिकांच्या गटालाच उपचाराचे साधन बनविले.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. भजनी मंडळ, महिला मंडळ, बचत गट यांतून माणसे परस्परांना सावरीत आली आहेत. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात १९८६ साली पुण्यात स्थापन झालेल्या मुक्तांगण केंद्राने समदुःखी माणसांच्या परस्पर आधाराचे महत्त्व आपल्याकडे रुजविले. अल्पकालीन समूहोपचार या परंपरेहून एका बाबतीत भिन्न आहे. त्याला ठरावीक आराखडा असतो, ठरावीक सत्रे असतात आणि प्रशिक्षित मार्गदर्शक असतो. मन मोकळे करणे एवढाच त्याचा हेतू नसून, मनात अडकून राहिलेली विशिष्ट स्मृती सैल करणे हा त्याचा उद्देश असतो.

एका चुकीतून मिळालेला धडा

१९८३ साली अमेरिकेतील जेफ्री मिचेल यांनी अग्निशामक व रुग्णवाहिका सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी एका समूहपद्धतीची मांडणी केली. भीषण घटनेनंतर एक-दोन दिवसांतच सर्वांना एकत्र बसवावे, प्रत्येकाने काय पाहिले व काय वाटले ते सांगावे, म्हणजे पुढील त्रास टळेल, असा तिचा आशय होता. कल्पना सयुक्तिक वाटल्याने ती जगभर पसरली आणि पुष्कळ ठिकाणी पीडित व्यक्तींना एकेकट्यानेही असेच बोलते करण्याचा प्रघात पडला. परंतु पुढे झालेल्या काळजीपूर्वक चाचण्यांत अशा एकाच बैठकीमुळे ताणविकृती टळत असल्याचे आढळले नाही. काही चाचण्यांत तर बैठकीत भाग घेतलेल्यांचा त्रास अधिक काळ टिकला. नुकत्याच आघात झालेल्यांवर अशा सक्तीच्या कथनाचा प्रयोग करू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनेही दिला आहे.

हा धडा अधिकाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. मोठी दुर्घटना घडली की ‘सर्व कर्मचाऱ्यांचे समुपदेशन करण्यात यावे’ असा आदेश काढण्याची इच्छा होते. हेतू चांगला असतो. परंतु सर्वांना सक्तीने एका सभागृहात बसवून बोलावयास लावणे हा उपचार नव्हे. ज्याच्या मनाने सध्या दार लावून घेतले आहे, त्याला ते सर्वांसमोर उघडावयास लावण्याने हानी होऊ शकते. पहिल्या दिवसांत पाणी, जेवण, झोप, घरी सुखरूप पोहोचण्याची व्यवस्था आणि जवळच्या माणसाशी बोलण्याची मोकळीक हीच खरी मदत होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेचे सूत्र तीन शब्दांचे आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. ज्यांचा त्रास त्यानंतरही ओसरत नाही, त्यांच्यासाठी समूहोपचार योजावयाचा असतो.

चार चौकोनांचा कागद

आज वापरात असलेल्या पद्धतींपैकी एक पद्धत १९९७ च्या ‘पॉलिन’ चक्रीवादळानंतर मेक्सिकोतील आकापुल्को शहरात विकसित झाली. वादळातून वाचलेली मुले फार आणि उपचारक थोडे, अशी तेथील स्थिती होती. इग्नासियो हारेरो, लुसिना आर्टिगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रचलित वैयक्तिक उपचाराला समूहाचे रूप दिले. तो मूळ उपचार अमेरिकन मानसतज्ज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेला असून ‘ईएमडीआर’ या नावाने ओळखला जातो. त्यात रुग्ण क्लेशदायक स्मृती मनात आणतो आणि त्याच वेळी उपचारकाच्या डावीकडून उजवीकडे फिरणाऱ्या बोटांचा डोळ्यांनी मागोवा घेतो. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर भारतीय मानसतज्ज्ञांना या उपचाराचे प्रशिक्षण मिळाले आणि तो आपल्या देशात रुजू लागला.

समूहातील पद्धत समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. केवळ स्पष्टीकरणासाठी रचले आहे. उपनगरातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम केलेली परिचारिका आहे. साथ ओसरून काही महिने लोटले आहेत. ती कामावर नियमित येते, परंतु घरात कोणाचाही भ्रमणध्वनी वाजला की तिच्या हातापायांतील बळ जाते. मृत रुग्णाच्या उशाशी, पिशवीत बांधून ठेवलेला भ्रमणध्वनी रात्रभर वाजत होता आणि पडद्यावर ‘आई’ अशी अक्षरे उमटत होती, हे तिने आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

आठ-दहा सहकारी एका शांत खोलीत बसले आहेत. मार्गदर्शक प्रथम आघाताची लक्षणे साध्या शब्दांत समजावून सांगतो. येथे कोणालाही बोलण्याची सक्ती नाही, कोणत्याही क्षणी थांबता येईल, इथले इथेच राहील, हे स्पष्ट केले जाते. नंतर मन शांत करण्याच्या क्रिया शिकविल्या जातात. त्यांतील एक ‘फुलपाखराची मिठी’ म्हणून ओळखली जाते. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवावयाचे, बोटांची टोके गळ्याच्या हाडाखाली टेकवावयाची आणि दीर्घ श्वास घेत एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने हलकेच थोपटावयाचे. नेत्रचालनाची जागा येथे ही क्रिया घेते आणि ती प्रत्येकाला स्वतःच करता येते.

मग प्रत्येकाला एक कोरा कागद दिला जातो. त्यावर चार चौकोन आखलेले असतात. सर्वांत क्लेशदायक क्षण मनात आणून पहिल्या चौकोनात त्याचे चित्र काढावयाचे आणि शून्य ते दहा या मोजपट्टीवर आत्ता होणाऱ्या त्रासाचा आकडा लिहावयाचा. चित्रकला येण्याची आवश्यकता नसते; रेघा आणि रंगही चालतात. आपल्या उदाहरणातील परिचारिका एक लहानसा आयत काढते आणि खाली नऊ हा आकडा लिहिते. नंतर सर्व जण चित्राकडे पाहत काही वेळ फुलपाखराची मिठी करतात. मनात जे येईल ते येऊ द्यावयाचे असते. दुसऱ्या चौकोनात आता जे समोर आले त्याचे चित्र आणि नवा आकडा, असे चौथ्या चौकोनापर्यंत चालते. परिचारिकेच्या दुसऱ्या चित्रात भ्रमणध्वनीजवळ एक हात येतो. तिसऱ्यात त्या रुग्णाच्या कपाळावर आपण हात ठेवला होता हे तिला आठवते. चौथ्यात पहाटेची खिडकी आहे आणि आकडा चारवर आला आहे. घटना बदललेली नाही. परंतु त्या रात्री केवळ एक भ्रमणध्वनी वाजत नव्हता, आपणही तेथे होतो आणि आपण त्याला एकटे सोडले नव्हते, ही दुसरी बाजू स्मृतीत सामील झाली आहे.

अखेरीस प्रत्येक जण आपल्याला पुढे कसे दिसावयास आवडेल याचे एक चित्र काढतो, शरीरात कोठे ताण उरला आहे का ते पाहतो आणि सर्वांनी मिळून श्वसनाची क्रिया करून सत्र संपते. मार्गदर्शकाचे साहाय्यक मागे उभे राहून कोणाला अधिक त्रास होत आहे यावर लक्ष ठेवतात. ज्यांचा आकडा खाली येत नाही, त्यांच्याशी त्याच दिवशी स्वतंत्रपणे बोलून पुढील वैयक्तिक उपचाराची व्यवस्था केली जाते. अशी थोडीच सत्रे घेतली जातात आणि ती काही दिवसांतच पुरी करता येतात.

या पद्धतीचा मोठा गुण असा की, घटना कोणालाही ऐकवावी लागत नाही. त्यामुळे एकाच्या कथनाने दुसऱ्याची जखम उघडी पडत नाही. एकत्र असूनही प्रत्येक जण आपल्या कागदापुरता स्वतंत्र असतो.

परिणाम कशामुळे आणि किती

तीव्र भीतीच्या क्षणी मेंदू घटनेची नीट क्रमवार नोंद करू शकत नाही. तुकड्यांच्या रूपाने साठविलेली ही स्मृती काळाच्या खुणेवाचून राहते आणि म्हणून ती भूतकाळातील वाटत नाही. सुरक्षित वातावरणात ती पुन्हा जागी केली आणि त्याच वेळी लक्षाचा काही भाग थोपटण्यासारख्या दुसऱ्या क्रियेकडे गुंतविला, तर स्मृतीची तीव्रता कमी होते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. परिणामाचे श्रेय थोपटण्याच्या क्रियेला किती आणि सुरक्षित रीतीने स्मृतीला सामोरे जाण्याला किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ताणविकृतीने ग्रस्त प्रौढांसाठी आघातकेंद्री बोधात्मक-वर्तनोपचार आणि ईएमडीआर या दोहोंची शिफारस केली. समूहपद्धतींचा पुरावा वैयक्तिक उपचाराइतका भक्कम नसला तरी तो वाढत आहे. तुर्कस्तानातील छावणीत राहणाऱ्या सीरियन निर्वासितांवरील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशाच प्रकारच्या समूहपद्धतीने अल्प काळात लक्षणे घटल्याचे आढळले. प्रशिक्षित बिगर-तज्ज्ञ कार्यकर्तेही मानसिक ताणावरील आखीव कार्यक्रम राबवू शकतात, हे पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यातील स्त्रियांसाठी घेतलेल्या पाच सत्रांच्या समूह-कार्यक्रमातून २०१९ मध्ये दिसून आले. गोव्यातील ‘संगत’ संस्थेनेही प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या बळावर नैराश्य व चिंता यांवरील सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेण्याचे काम केले आहे. तथापि, आघाताच्या स्मृतीवर काम करणारी सत्रे प्रशिक्षित मानसतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावयास हवीत. चार चौकोनांचा कागद दिसावयास सोपा आहे. त्यातून वर येणारे दुःख तसे नसते.

रुग्णालयात योजना कशी असावी

गट लहान असावा आणि समान अनुभवाचा असावा. एकाच पाळीत किंवा एकाच विभागात काम केलेल्यांना एकत्र घेणे हितावह असते. मात्र अधिसेविका आणि तिच्या हाताखालील परिचारिका, विभागप्रमुख आणि निवासी डॉक्टर एकाच गटात नसावेत. ज्याच्या हाती गोपनीय अहवाल लिहिण्याचा अधिकार आहे, त्याच्यासमोर मन मोकळे होत नाही.

वेळ कामाच्या तासांतील असावा. रात्रपाळी संपल्यावर डोंबिवलीला किंवा नालासोपाऱ्याला जाऊन मुलांचे डबे करावयाचे असलेल्या स्त्रीला ‘सुटी झाल्यावर दोन तास थांबा’ असे सांगणे म्हणजे तिच्या ओझ्यात भर घालणे होय. या सत्रांसाठी बदली कर्मचारी देणे हा खर्च नसून उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

सर्व श्रेणींना प्रवेश असावा. डॉक्टर आणि परिचारिका यांचा विचार सहज होतो. परंतु मृतदेह बांधणारे, ते शवागारात नेणारे, रुग्णवाहिका चालविणारे आणि रक्ताने भिजलेले कपडे धुणारे हात पुष्कळदा वगळले जातात. विशाल उपचार केंद्रांत कंत्राटी कर्मचाऱ्यांचाही मोठा भाग होता. केंद्रे बंद झाली तसे ते विखुरले. पुढील आपत्तीत अशा कर्मचाऱ्यांची पत्त्यांसह नोंद ठेवून, काम संपल्यावरही त्यांना उपचार घेता येईल अशी तरतूद प्रारंभीच असणे इष्ट ठरेल.

गोपनीयता कसोशीने पाळावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचार घेणाऱ्यास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. चित्रे आणि आकडे मार्गदर्शकाकडेच राहावेत. सेवापुस्तकात त्यांची छायाही पडू नये. आत्महत्येचे विचार, तीव्र मनोविकार किंवा जडलेले व्यसन आढळल्यास संबंधित व्यक्तीला समूहात न घेता थेट मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. पंधरा दिवसांनी व तीन महिन्यांनी प्रत्येकाची पुन्हा विचारपूस व्हावी.

आणखी एक पथ्य आहे. समूहोपचार हा अपुऱ्या मनुष्यबळाला, सलग पाळ्यांना किंवा नातेवाइकांकडून होणाऱ्या मारहाणीला पर्याय नाही. ज्या कारणाने जखम होते ते कारण तसेच ठेवून केवळ मलमपट्टी करीत राहणे योग्य नव्हे. पुरेशी विश्रांती, सुरक्षितता आणि वरिष्ठांचा सन्मानपूर्ण व्यवहार यांच्या जोडीनेच उपचार फलदायी होतो.

गावपातळीवर काय करता येईल

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात, २०१४ साली माळीण, २०२१ साली तळिये आणि २०२३ साली इर्शाळवाडी येथे दरडी कोसळल्या तेव्हा ग्रामीण भागातील आरोग्य कर्मचाऱ्यांनाही भीषण दृश्यांना सामोरे जावे लागले. शहरातील परिचारिकेला निदान अनोळखी रुग्ण असतो. गावातील आशा स्वयंसेविकेला मृतांची नावे ठाऊक असतात. त्यांच्या लेकरांना तिनेच पोलिओचे थेंब पाजलेले असतात. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनीही भीती आणि बहिष्कार दोन्ही अनुभवले.

पंचायत सदस्य उपचार करू शकत नाहीत आणि त्यांनी तो करू नये. परंतु आपत्तीनंतर महिन्याभराने ‘आता झोप लागते काय?’ एवढा प्रश्न आशाताईंना विचारणे त्यांच्या हातात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला पाचारण करणे, सत्रासाठी शाळेची शांत खोली देणे आणि त्या वेळेत बाहेर गर्दी होणार नाही हे पाहणे, ही कामे पंचायत व शिक्षक यांनी मिळून करण्यासारखी आहेत. तातडीच्या वेळी ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तो क्रमांक रुग्णांसाठी जसा भिंतीवर लावला जातो, तसा कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिकक्षातही लावावा.

समाजाने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजविल्या, दिवे लावले, त्यांना योद्धे म्हटले. या गौरवात एक धोका आहे. योद्ध्याने रडावयाचे नसते, अशी समजूत त्याच्याबरोबर येते आणि मग आपला त्रास सांगणे म्हणजे दुबळेपणा असे त्या माणसालाच वाटू लागते. दुसऱ्याचे मरण जवळून पाहिलेल्या माणसाचे मन हलले, तर ते त्याच्या उणेपणाचे लक्षण नसून त्याच्या माणूसपणाचे आहे. उपनगरांतील कोणत्या ना कोणत्या रुग्णालयात आज रात्रीही कोणी तरी पाळीवर आहे. उद्या सकाळी ती व्यक्ती घरी जाण्यापूर्वी तिला बसण्यासाठी एक शांत खोली, सोबतीला चार सहकारी आणि ऐकून घेणारा एक जाणता माणूस मिळेल काय, याचे उत्तर प्रशासनाने व समाजाने मिळून द्यावयाचे आहे.